नक्षीबाईंची ठेव

नक्षीबाईंना स्वप्नात माणसं क्वचितच दिसायची. दिसायच्या त्या नक्ष्या. कधी भिजलेल्या वेली, कधी एकमेकांत चोची खुपसून झोपलेले पक्षी, कधी नुसतेच ठिपके, पण असे काही मांडलेले की झोपेतसुद्धा बाई म्हणायच्या, "अगं बाई, हे छान जमलंय!" सकाळी डोळे उघडले की तोंडही न धुता त्या कंप्युटरपाशी बसत आणि दिसलेलं सगळं उतरवून काढत. एकदा उतरवलं की ते डोक्यातून साफ जायचं. पुन्हा आठवू म्हटलं तरी आठवत नसे. म्हणून बाईंचं म्हणणं असं की आपलं अर्धं डोकं मानेवर आहे आणि अर्धं कंप्युटरात. ऐकणारे हसायचे. बाईंना ते हसणं मुळीच आवडत नसे, कारण त्या विनोद करत नव्हत्या.

'नक्षीबाई' हे नाव त्यांना कारखान्यानं दिलं. पडद्याचं कापड छापणारा कारखाना होता तो, आणि त्याच्या वरच्या मजल्यावरच्या लांबच लांब खोलीत बाईंचं सगळं तरुणपण गेलं. मोठाल्या खिडक्या, उतरती टेबलं, रंगांच्या वाट्या, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारणारे मास्तर. मास्तरांचं सगळं लक्ष जोडावर असायचं. नक्षीचा एक तुकडा छापून झाला की त्याला लागून तोच तुकडा पुन्हा छापायचा असतो, आणि एक कुठं संपला, दुसरा कुठं सुरू झाला हे बघणाऱ्याला कळता कामा नये. कळलं की मास्तर कागद परत करायचे. पहिलं वर्षभर बाईंचे कागद परतच येत होते. एकदा तर मास्तर म्हणाले, "पोरी, तुझी फुलं चांगली आहेत गं, पण ती शेजारणीशी बोलत नाहीत."

मग एके दिवशी 'पाण्यातली पानं' आली. वाहत्या पाण्याखाली आडवी झालेली लांबट पानं, हिरव्यावर हिरवी. मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला, जोड शोधला, नाही सापडला. यंत्रावरून उतरलेल्या पहिल्या कापडाचा हातभर तुकडा त्यांनी स्वतः कापून बाईंच्या हातात दिला. पुढं कारखान्यात कंप्युटर आले, मास्तर घरी बसले, बाई कंप्युटर शिकल्या, आणि आणखी काही वर्षांनी कारखानाच बंद पडला. नमुन्यांचे गठ्ठे रद्दीत गेले. बाईंकडं उरला तो हातभर तुकडा. तो त्यांनी कपाटात, साड्यांच्या खाली, पाट्यासारखा सपाट ठेवला होता.

आणि तो धाकटीनं कापला.

धाकटी म्हणजे बाईंची जाऊ. दोघा भावांची घरं एकाच मजल्यावर, दाराला दार लागून, मधे एक सामाईक भिंत. त्या भिंतीवर दोन थापा पडल्या की समजायचं, चहा ठेवलाय. इतकं त्या दोघींचं मेतकूट. धाकटीला शिवणाचं वेड होतं आणि कापड रिकामं पडलेलं तिला बघवायचं नाही. एकदा बाई आठवडाभर लेकीकडं गेल्या होत्या, तेव्हा धाकटीनं त्यांचं कपाट आवरून दिलं. मायेनंच दिलं हो. आवरता आवरता तिला तो तुकडा मिळाला आणि तिनं त्याची सुबक, दोरी ओवलेली, कपड्यांचे चिमटे ठेवायची पिशवी शिवून टाकली. बाई परत आल्या तर पिशवी दारात हजर.

"माझं अख्खं आयुष्य चिमट्यांत घातलंस तू!" बाई ओरडल्या.

धाकटी घाबरली आणि घाबरून नको ते बोलली. म्हणाली, "कापडच तर होतं ना ते, वहिनी."

झालं. त्या दिवसापासून भिंतीवरच्या थापा थांबल्या. बाईंनी पिशवी तिच्या अंगावर टाकली आणि दार लावून घेतलं. ती 'पाण्यातली पानं' डोक्यातून जायच्या आत त्यांनी कंप्युटरवर पुन्हा काढली, आठवून आठवून, नाक पुसत पुसत. जागेपणी काढलेली तेवढी एकच नक्षी. ती त्यांनी यादीच्या तळाशी एका वेगळ्या फोल्डरात ठेवली आणि पुन्हा उघडली नाही. आहे एवढं ठाऊक असलं की त्यांना पुरे होतं.

अबोला वर्षानुवर्षं चालला. मधे दोघे भाऊ एकामागून एक गेले. दुःखाच्या दिवसांत जेवढं बोलावं लागतं तेवढं दोघी बोलल्या आणि पुन्हा आपापल्या दाराआड गेल्या. बाईंची लेक परगावी, धाकटीचा मुलगा त्याहून लांब. भिंतीच्या अलीकडं एक एकटी बाई, पलीकडं दुसरी. इतका मूर्खपणा माणसाला फक्त घरातल्या घरातच जमतो.

आता वायफायचं ऐका. गोडी होती तेव्हा धाकटीच्या मुलानं, म्हणजे बाईंच्या पुतण्यानं, दोन्ही घरांत मिळून एकच वायफाय बसवलं होतं. त्याचा पांढरा डबा धाकटीच्या खोलीत, फळीवर. त्या डब्यातच एक डिस्क होती. बाईंच्या कंप्युटरवर जे काही असेल त्याची एक प्रत हवेतल्या हवेत, भिंतीपलीकडं, आपोआप त्या डब्यात जाऊन बसायची. बॅकअप म्हणतात त्याला. बाई त्याला 'ठेव' म्हणायच्या. भांडणानंतर बाई तणतणल्या, "मला कुणाचं उसनं वारं नको," आणि त्यांनी स्वतःचं वायफाय घेतलं, स्वतःचा काळा डबा आणला आणि पुढच्या खोलीत मानानं ठेवला. त्यावर हिरवा दिवा लागला. कंप्युटर रोज सांगायचा, बॅकअप पूर्ण झाला. बाई रोज डब्यावरची धूळ पुसायच्या आणि जाता जाता त्याला थोपटायच्या.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी बाई डोळ्यांत पाणकोंबड्यांची नक्षी घेऊन उठल्या आणि कंप्युटर उठला नाही. काळा तो काळाच. दुकानदारानं तो उघडून पाहिला आणि हात टेकले. "आतली डिस्क गेली, बाई. पण बॅकअप आहे ना? मग काळजी करू नका." बाई काळजी कशाला करतील? आपला डबा आहे की घरात. नवा कंप्युटर घेऊन त्या आठवड्याभरानं जिना चढून आल्या. पाणकोंबड्या तेवढ्यात कुठं उडून गेल्या त्या गेल्याच. वर आल्या तेव्हा शेजारचं दार किंचित किलकिलं होतं. बाईंनी मान वळवली नाही.

दुपारी लेक फोनवर आली. फोन टेबलावर आडवा ठेवून बाई नव्या कंप्युटरपुढं बसल्या.

"आई, बॅकअपमधून परत आण असं कुठंतरी लिहिलं असेल. दाब ते."

बाईंनी दाबलं. कंप्युटरनं बराच वेळ शोधलं आणि सांगितलं, काही सापडलं नाही.

"काळा डबा बंद करून परत चालू कर."

"तुझं आपलं काहीही झालं की बंद करून चालू कर!" बाई कुरकुरल्या, पण उठल्या. डबा बंद झाला, चालू झाला, हिरवा दिवा आला. पुन्हा शोधलं. काही नाही. मग लेकीनं डब्याची डिस्क उघडायला लावली, आत काय काय दिसतं ते वाचायला लावलं. वाचायला काही नव्हतंच. पांढरी रिकामी चौकट, धुऊन उपडी घातलेल्या भांड्यासारखी.

"आई," लेक हळूच म्हणाली, "नवीन डबा लावल्यावर बॅकअप तिकडं वळवला होतास ना? कंप्युटरला सांगावं लागतं तसं."

"हिरवा दिवा लागला होता की!"

"तो विजेचा दिवा, आई. या डब्यात कधी काही गेलंच नाही."

इतक्या वर्षांच्या सकाळी, ते पक्षी, त्या वेली, डोक्यातूनही गेलेल्या आणि इथूनही. आणि ती पानं. हात टेबलावर सपाट ठेवून बाई बसून राहिल्या. खिडकीतून ऊन फरशीवर आलं होतं आणि त्यात पडद्याची सावली हलत होती. हा पडदाही एके काळी कुणाच्या तरी स्वप्नात आला असेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग मात्र त्यांना रडू आवरेना.

"रडू नको गं. ऐक. जुना कंप्युटर रोज सांगायचा ना, बॅकअप झाला म्हणून? मग कुठंतरी झाला असणार. कंप्युटर खोटं कशाला बोलेल? वायफायच्या यादीत कुठली कुठली नावं दिसतात ते वाच बघू."

बाईंनी डोळे पुसून वाचलं. एक त्यांचं स्वतःचं. खालच्या मजल्यावरच्यांची दोन. आणि सगळ्यात वर, पूर्ण भरलेल्या रेघा दाखवणारं, 'दोन्ही घरं'.

लेक हसायलाच लागली. "तुझा कंप्युटर आतल्या खोलीत भिंतीला टेकून. काकूचं वायफाय तिथं जोरात. तो कधी तिथून हललाच नाही, आई! तू भांडलीस, पण त्याला कुणी सांगितलंच नाही. तुझ्या सगळ्या नक्ष्या काकूकडे आहेत."

"तिच्याकडे? म्हणजे मी इतकी वर्षं रोज सकाळी तिच्या घरात..."

"जा आणि सांग तिला. दोन पावलांवर तर आहे."

"मी? मरेन पण जाणार नाही."

मग त्यांच्या लक्षात आलं की जायची गरजच नाही. नाव समोर दिसतंय. पासवर्ड त्यांना अजून पाठ होता. पुतण्यानंच ठेवला होता तो, दोघींची थट्टा करायला: 'चहाठेवलाय'. लेक म्हणाली, "आई, हे बरं नाही, न विचारता." बाई म्हणाल्या, "माझंच तर आणतेय मी, तिचं काय जातं?" आणि त्यांनी पासवर्ड घातला. तो चालला. कंप्युटरनं थोडा शोध घेतला आणि जुन्या कंप्युटरच्या नावाची एक थप्पी समोर आणून ठेवली. सगळं होतं. जसंच्या तसं.

हवेतून येणारं सामान सावकाश येतं. लेक फोन ठेवून कामाला लागली आणि बाई एकट्याच बघत बसल्या. एकेक नक्षी नखाएवढी होऊन पडद्यावर उमटत होती. गुंफलेल्या चोची आल्या. भिजलेल्या वेली आल्या. काही तर त्यांना स्वतःच्या वाटेचनात, कुण्या परक्या बाईनं काढल्यासारख्या वाटत होत्या, आणि त्या मनापासून म्हणत होत्या, "अगं बाई, हे छान जमलंय!" बघता बघता त्यांची मान कलली. झोपेत भिंत ओली झाली होती. तिच्यातून सगळ्या नक्ष्या एकेक करून इकडं झिरपत होत्या, फरशीवर पसरत होत्या, आणि कुठंही जोड दिसत नव्हता. आणि भिंतीच्या जागी दोरीवर कपडे वाळत घालणारी एक पाठमोरी बाई होती. तिच्या तोंडात चिमटे धरलेले, म्हणून तिला बोलता येत नव्हतं. बाई तिला म्हणत होत्या, "अगं, काढ ना ते तोंडातून." एवढ्यात त्यांना जाग आली.

ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं होतं. यादी जवळजवळ संपली होती. फक्त तळाचं फोल्डर यायचं राहिलं होतं, आणि पडद्यावर लिहिलं होतं: डिस्क सापडत नाही.

बाईंनी पुन्हा दाबलं. सापडत नाही. 'दोन्ही घरं' हे नाव यादीतूनच गेलं होतं.

त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. कळलं तर बाईसाहेबांना! ओढली वायर! कापड कापलं ते पुरलं नाही, आता हेही? एवढ्या वर्षांत साठवलेलं सगळं बोलणं त्यांच्या ओठांवर आलं. त्या उठल्या, पदर खोचला, चपलाही न घालता तरातरा दारापाशी गेल्या आणि दार उघडलं.

धाकटी दारातच उभी होती. घंटी वाजवायला उचललेला हात तसाच वर. केस सगळे पांढरे झाले होते. एवढ्या वर्षांत बाईंनी तिच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या हातानं तिनं छातीशी काहीतरी धरलं होतं, ती दोरी ओवलेली पिशवी, आणि तिच्यातून एक वायर लोंबत होती.

"वहिनी," ती धापा टाकत म्हणाली, "याला हात लावून बघा हो. केवढा तापलाय."

बाईंचं जमवलेलं बोलणं कुठल्या कुठं गेलं. त्यांनी पिशवीत हात घातला. पांढरा डबा चांगलाच गरम होता.

"वायर तू काढलीस?"

"मीच. आठवडाभर याचा निळा दिवा हललाच नव्हता. म्हटलं, वहिनींना झालंय तरी काय? खुर्ची सरकल्याचा आवाज नाही, काही नाही. दोनदा तुमच्या दारापर्यंत येऊन परत गेले. मग तुम्हाला खोकं घेऊन जिना चढताना बघितलं, तेव्हा कुठं जिवात जीव आला. आणि आज हा जो लुकलुकायला लागला तो थांबेचना. वाटलं, आता जळतोय. तुमचं काही जायला नको म्हणून ओढली वायर आणि घेऊन आले."

"माझं? यात माझं आहे हे तुला ठाऊक होतं?"

धाकटीनं मान खाली घातली. "पहिल्यापासून. पोरगा आपला कंप्युटर घेऊन गेला, तरी हा रोज सकाळी लुकलुकायचा. मी त्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला, आई, काकूचाच असणार, काढून टाकू का? मी म्हटलं, खबरदार हात लावशील तर. माझा पलंग त्या फळीखालीच आहे ना. सकाळी डोळे उघडले की आधी वर बघायची. दिवा लुकलुकला की कळायचं, वहिनी उठल्या. बसल्या कामाला. मग मी उठायची."

जिन्यात खाली कुणीतरी दार लावलं. बाई पिशवीकडं बघत होत्या. हिरवा रंग विटून गेला होता, दोरीशी कापड झिजून पांढुरकं झालं होतं, पण पानं होती. पाण्याखाली आडवी, एकामागून एक. तळाशी एक चिमटा राहून गेला होता.

"इतकी वर्षं," बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं सांगितलं का नाहीस मला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बदलून घेतलं असतं," धाकटी म्हणाली.

ते खरंच होतं. त्याच दिवशी बदललं असतं, आणि दार आपटून. बाईंना ते लख्ख कळलं. मग त्यांनी डोळे पुसले, पदराचा खोचा सोडला आणि डबा हळूच पिशवीत नीट बसवला.

"घ्या ना," धाकटी म्हणाली. "ठेवून घ्या इकडंच. तुमचंच आहे सगळं."

"इकडं नको," बाई म्हणाल्या. "याला जरा थंड होऊ दे. मग होता तिथंच, फळीवर ठेव आणि वायर लाव. एक फोल्डर यायचं राहिलंय माझं."

"आणि निळा दिवा लागल्यावर?"

"लागला की भिंतीवर थाप मार. मी बसलेय."

बाई आत आल्या आणि भिंतीला टेकलेल्या टेबलापाशी बसल्या. पलीकडं धाकटीची चाहूल लागत होती. पंखा लावल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. डबा निवतोय, बाई मनात म्हणाल्या. मग फळीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. बाई कंप्युटरकडं बघत नव्हत्या. त्या भिंतीकडं बघत होत्या.

थाप पडली. बाईंनी हात उचलला तोच दुसरी पडली. त्या तशाच उठल्या आणि चहाला गेल्या.